मध्ये कच्चं ठेवायचं

ॲरिझोनातल्या चँडलरचे आमचे घरमालक दुकानातून कोथिंबिरीची जुडी घेऊन निघाले, की गाडीपर्यंत सरळ कधी जायचे नाहीत. थोडं चालायचे, वाकून जुडी जमिनीला टेकवायचे, पुन्हा चालायचे, पुन्हा टेकवायचे. भर दुपारी, तापलेल्या पार्किंग लॉटमध्ये, एवढा सहा फुटी माणूस. मला आधी वाटलं, कसला तरी नवस असेल. मग वाटलं, कंबर धरली असेल. शेवटी विचारलंच.

"नियम आहे," ते म्हणाले. "हातात घेऊन पळायचं तर मधे मधे जमिनीला टेकवावं लागते. नाहीतर शिट्टी वाजते."

"कोण वाजवतं?"

त्यांनी पार्किंग लॉटभर नजर फिरवली, अगदी मनापासून शोधल्यासारखी. "आता कोणी नाही वाजवत," म्हणाले आणि गाडीत बसले.

ती कोथिंबीर मी त्यांच्याकडे राहिले तोवर खाल्ली. दोनदा धुऊन.

घरमालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काका ऑस्ट्रेलियात धंदेवाईक फुटबॉल खेळलेले होते. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे आणि इथल्या अमेरिकनांचा हेल्मेटवालाही नव्हे. तो तिसराच प्रकार. क्रिकेटच्या गोल मैदानावर एका बाजूला अठरा माणसं, लांबुडका बॉल, लाथ मारा नाहीतर मुठीने ठोसा मारा, फक्त हाताने फेकायचा नाही. फेकायची बंदी काकांच्या अंगात इतकी मुरलेली, की ते घरातही काही फेकायचे नाहीत आणि सरळ हातात तर मुळीच द्यायचे नाहीत. एका तळहातावर वस्तू ठेवायची, दुसऱ्या मुठीने ठोसा. त्यांच्या घरामागची सुटी खोली मी बघायला गेले, तेव्हा किल्ली माझ्याकडे अशीच उडत आली. मी घाबरून छातीशी धरली.

"हात चांगले आहेत पोरीचे," ते आत बघून म्हणाले. "आई, हिला ठेवू."

एवढाच माझा इंटरव्ह्यू. चिप बनवायच्या कंपनीत नोकरी मिळवताना मला सहा माणसांनी दिवसभर सोललं होतं, त्याच्यापुढे हे फारच सुटसुटीत वाटलं. पुढे परसातल्या झाडाची लिंबंसुद्धा माझ्या खिडकीतून अशीच यायची. सकाळी चहा पिताना धप्प आवाज आला, की समजायचं, काका उठले.

आत होत्या त्या आजी, काकांच्या आई. नागपूरहून नर्स म्हणून मेलबर्नला गेलेल्या, तिथेच काकांचा जन्म. आजोबा लवकर गेले. घरात मराठी बोलायला दोघंच, त्यामुळे काकांची मराठी म्हणजे आजींची मराठी, आणि आजींची मराठी म्हणजे त्या विमानात बसल्या त्या दिवशीचं नागपूर. तिच्यावर ऑस्ट्रेलियन हेल. "काय करून राहिली बे?" असं त्या हेलात ऐकलं, की आम्हां पिंपरीच्या माणसांना हसू आवरायचं नाही. काकू न्यू जर्सीत वाढलेल्या. त्यांच्याच नोकरीपायी हे सगळे ॲरिझोनात आलेले. काकू म्हणायच्या, "मला मराठी येतं गं, पण या दोघांचं नाही येत."

काका तिथल्या एका शाळेत पी.ई. शिकवायचे. शाळेत कुणाला त्यांच्या खेळाचा पत्ता नव्हता. आमच्या लोकांच्या पिकनिकला कुणी तरी विचारायचंच, "काका, तुम्ही कुठे खेळायचात? फॉरवर्ड?"

"मधला होतो मी."

"म्हणजे किती गोल मारले?"

"गोल पुढचे मारतात. अडवतात मागचे. मधल्यानं दोन्हीकडे पळायचं."

हे 'दोन्हीकडे पळायचं' त्यांचं पालुपद होतं. पुढे तर सगळेच पळतात, बॉल आपल्याकडे असला की पाय आपोआप उचलतात, असं त्यांचं म्हणणं. खरा मधला ओळखायचा तो बॉल हातातून गेल्यावर. मान खाली घालून, शिव्या न देता, उलटा फिरून जो मागे पळतो तो. त्यांनी हे संसारालाही लावलं होतं. कुणाला एअरपोर्टला सोडलं, की आणायलाही तेच जाणार. मी एकदा म्हटलं, काका, राहू दे, मी टॅक्सी करीन. तर म्हणाले, "सोडायला तर कोणीही येते."

आता त्यांच्या डोक्याबद्दल सांगायला हवं. काका बोलता बोलता मधेच थांबायचे. हातात चमचा, तोंडात अर्धं वाक्य, आणि चेहरा एकदम निवलेला. डोळे उघडे, पण समोर कोणी नाही. आम्ही गप्प राहायचो. घड्याळ चालू राहायचं, पंखा फिरत राहायचा. मग ते परत यायचे आणि जरा लाजून म्हणायचे, "गेलो होतो जरा."

"कुठे?" मी सुरुवातीला विचारायची.

"मैदानावर. गवत ओलं होतं."

खेळताना डोक्याला बसलेल्या मारांचं ते देणं होतं, हे मला आजींनी सांगितलं. औषध काही नाही, फक्त आता आणखी धक्का नको, एवढं डॉक्टरांनी बजावलेलं. काका स्वतः त्याबद्दल तक्रार करत नसत. मला मात्र त्या निवलेल्या चेहऱ्याची भीती वाटायची. वाटायचं, एखाद्या दिवशी तिथलं गवत इतकं आवडेल, की हे परत यायचंच विसरतील.

आमच्या गल्लीत अधूनमधून कालव्याचं पाणी सोडायचे. वाळवंटातली जुनी वस्ती. अंगणांना बांध घातलेले, पाणी सुटलं की पहाटे परसात घोट्याएवढं तळं. लिंबाला मोहर आलेला असला तर सगळी हवा गोड. काका पँट दुमडून त्या पाण्यात उभे राहायचे आणि आपला जुना बॉल त्यावर सोडायचे. तो लांबुडका बॉल जमिनीवर पडला तर कुठे उडेल, देवाला ठाऊक. पाण्यात मात्र सावकाश फिरत राहायचा. झाडं उलटी, आकाश पायाखाली, मधे हा बॉल आणि हा माणूस. एकदा मीही चपला काढून उतरले.

"पाहा," काका हळूच म्हणाले, "किती शांत झाला. मी याला असा कधी पाहिलाच नाही."

ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं पाण्यात उभे राहिलो. त्या दिवशी मला कामावर उशीर झाला. मॅनेजरनं कारण विचारलं, तर मी ट्रॅफिक म्हटलं. खरं कुणाला सांगणार?

आजींचं मोठं गुपित असं काही नव्हतं. त्या कुणालाही सगळं सांगायच्या. मला पहिल्याच रविवारी त्यांनी पलंगाखालची पेटी ओढायला लावली. आत घड्या घालून ठेवलेला एक अवाढव्य कागद. रंग उडालेला निळा आणि पिवळा क्रेप पेपर, प्लॅस्टिकवर चिकटवलेला.

त्या खेळात एक रीत आहे. सामन्याआधी मैदानात दोन उंच खांबांवर कागदाचा भला मोठा बॅनर उभा करतात आणि खेळाडू पळत येऊन तो फाडून आत शिरतात. कुणाचा शंभरावा सामना असला, की बॅनर त्याच्या नावाचा आणि पहिला तो शिरणार. हे बॅनर क्लबचे चाहते घरच्यासारखे बसून बनवतात. आजी ड्यूटी संपवून तिथे जायच्या. गोऱ्या बायका, कात्र्या, टेप, चहाचा थर्मास, आणि मधे साडी सोडून पँट घालायला लागलेली ही नागपूरची नर्स.

"सगळ्यांत कठीण काय असते सांगू?" आजी म्हणायच्या. "मधलं. उभ्या खांबावर वाऱ्यात टिकलं पाहिजे, अन् पोट्टे आले की फाटलं पाहिजे. म्हणून मध्ये कच्चं ठेवायचं. बरोब्बर मधोमध वरपासून खालपर्यंत चिरायचं अन् नुसते टाके घातल्यासारखे कागद लावायचे. ते काम माझं होतं. टाके घालणं मलाच येत होतं ना."

आणि मग म्हणायच्या, "अन् आवाज. च-र्र-र्र. एवढे लोक ओरडून राहिले असतात, पण आपण चिकटवलेलं फाटते तो आवाज बाईला बरोबर ऐकू येते."

पेटीतला बॅनर काकांच्या शंभराव्या सामन्याचा होता. तो फाटलाच नाही. त्या दिवशी सरावातच काका उडी मारून बॉल धरायला गेले आणि त्यांच्याच टीममधल्या एकाच्या डोक्यावर डोकं आपटलं. डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवलं. बाहेर बॅनर उभा, लोक वाट बघतायत, बाकीची टीम पळत यायच्या बेतात. आजींनी काय करावं? आपल्याकडचा खांब सोडला, दुसरा धरणाऱ्या बाईलाही सोडायला लावला, आणि सगळ्यांदेखत बॅनर गुंडाळून काखेत मारला.

"माझा पोरगा नाही येत तर कोणी नाही येत," त्यांनी क्लबच्या मॅनेजरला मराठीत सांगितलं. टीम त्या दिवशी बॅनरशिवाय मैदानात शिरली. काका पुन्हा कधी खेळले नाहीत. नव्व्याण्णववर थांबले.

बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात, पिवळ्यावर निळ्या अक्षरांत, देवनागरीत लिहिलं होतं: डोकं सांभाळ. हे आजी प्रत्येक बॅनरवर लिहायच्या. बाकीच्या बायकांना ती नक्षी वाटायची.

मी तिथे असताना आजींची नजर जायला लागली होती. आणि जात कशी होती, तर मधली. डोळ्यांच्या त्या आजारात समोरचं पुसलं जातं आणि कडेचं राहतं. आजी आमच्याशी बोलताना भिंतीकडे बघायच्या, कारण भिंतीकडे बघितलं की आम्ही दिसायचो. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारी रुसली आहे.

"मला आता मधलं दिसत नाही," त्या काकांना म्हणायच्या, "अन् तू जन्माचा मधला. तुला पाहायचं तर मान वाकडी करा."

त्यांची एकच इच्छा होती. कडेचं थोडं उरलंय तोवर काकांनी त्या बॅनरमधून पळावं. बस. दरवर्षी चौदा एप्रिलनंतरच्या शनिवारी आमच्या लोकांची जयंतीची पिकनिक व्हायची, पार्कातल्या क्रिकेटच्या मैदानावर. तिथे काका पोरांना आणि ढेरपोट्या इंजिनीअरांना जमवून आपला खेळ खेळवायचे. आजींचं म्हणणं, तीच मॅच शंभरावी धरायची.

काका ऐकायला तयार नव्हते. आईचा शब्द खाली न पडू देणारा हा माणूस, एवढ्यापुरता दगड. "आई, शंभरावी झालीच नाही. न खेळता त्यातून पळायचं म्हणजे खोटं."

"बॅनर कोणाचा आहे?"

"तुझा."

"मग मॅच कोणती ते मी सांगीन."

"ते अंपायर सांगते, आई."

मला दोघांचंही पटायचं, ही पंचाईत. काकांचं तर फारच. त्यांच्याकडे त्या सगळ्या वर्षांतून उरलं होतं ते एवढंच, की खोटं काही केलं नाही. पण आजी महिन्या-महिन्याला आणखी वाकडी मान करत होत्या.

मग मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवत होते. काका वरण वाढता वाढता थांबले. पळी हवेत. आम्ही नेहमीसारख्या गप्प बसलो. पण यावेळी ते येईनात. पळीतून वरण टेबलावर ठिबकत राहिलं. काकू फोनकडे वळल्या. आजींनी चाचपडत त्यांचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. मी हात मांडीखाली दाबून धरले होते. शेवटी काकांचे डोळे हलले.

"गेलो होतो जरा," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," आजी म्हणाल्या. मनगट सोडलं नाही. "माझे डोळे जाऊन राहिले. तुझं डोकं जाऊन राहिलं. आता आधी कोण संपते, ते पाहत बसायचं काय आपण?"

काकांनी टेबल पुसलं आणि सगळ्यांना पुन्हा वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीतून लिंबू आलं आणि मागोमाग त्यांचा आवाज. "इंजिनीअर, पार्कात खांब रोवायचे तर परवानगी कोणाची लागते?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीतून डोकं काढलंच नाही, म्हटलं, "बघते."

पिकनिकची तयारी आमच्या मंडळींनी केली. खांब आले, दोऱ्या आल्या. आदल्या दिवशी बॅनर त्यांच्या ताब्यात दिला. मी सकाळी आजींना तयार करून आणायचं, असं ठरलं. आजींनी पांढरी साडी नेसली, त्यावर क्लबचा निळा-पिवळा मफलर. एप्रिल म्हणजे तिथे चटके बसायला सुरुवात, पण मफलर काही काढेनात.

मैदानावर पोचलो, तर बॅनर उभा. पहिल्यांदाच उभा पाहिला मी तो. उन्हात ते विटलेले रंगही पेटल्यासारखे दिसत होते, आणि वाऱ्यानं अख्खा बॅनर श्वास घेतल्यासारखा हलत होता. लोक जय भीम करत आजींना खुर्चीकडे नेत होते. आमच्यातला एक जण मोठ्या अभिमानानं पुढे आला. तो माझ्याच कंपनीत प्रोसेस इंजिनीअर. आयुष्यात कुठे भेग दिसली तर त्याला चैन पडत नाही.

"आजी, काळजीच करू नका. जुना माल, मधोमध पूर्ण फाटला होता, वरपासून खालपर्यंत. काल सगळ्यांनी बसून दोन्ही बाजूंनी टेप मारली. पॅकिंगची, दोऱ्याची. आता वादळ आलं तरी हलणार नाही."

मी आजींकडे पाहिलं. ढोल चालू होते, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी वळून ओरडणार, तोवर काका निघाले होते.

पलीकडून ते पळत आले. मागे पोरं, त्यांच्यामागे ढेरपोटे. मी काकांना चालताना, वाकताना, हरवताना पाहिलं होतं. पळताना कधी नाही. ते वेगळंच काहीतरी होतं. पाय गवताला लागतायत की नाही कळत नव्हतं, आणि त्यांचं वय वाटेतच कुठेतरी गळून पडलं होतं. तसेच ते खांदा पुढे करून बॅनरवर गेले, आणि बॅनरनं त्यांना घेतलं. फाटला नाही. पोटात घेतलं, मागे ताणलं, दोन्ही खांब वाकले, आणि परत फेकलं. काका पाठीवर पडले. ढोल थांबले.

काकू चप्पल टाकून धावल्या. काकांचे डोळे उघडे होते आणि चेहरा निवलेला. मग त्यांनी पापणी मिटली, उघडली आणि आमच्याकडे पाहिलं.

"गेलो नाही," ते म्हणाले. "इथेच आहे."

"आवाज नाही आला," मागून आजी म्हणाल्या. "फाटलं नाही काय?"

प्रोसेस इंजिनीअर दिसेनासाच झाला होता. मीच जाऊन सांगितलं. आजी उठल्या. माझा दंड धरून बॅनरपाशी आल्या आणि कागदावर हात फिरवत बरोब्बर मधोमध थांबल्या. बोटांना टेप लागली.

"भैताड," त्या म्हणाल्या, पण रागानं नाही. "माझी शिवण बुजवली."

मग त्या टेप काढायला लागल्या. ओढून नाही. एका हातानं कागद दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं पट्टी आडवी, सावकाश सोलायची. जखमेवरची पट्टी काढतात तशी. "कातडी धरायची, पट्टी नाही ओढायची," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. हात पोचेना तेव्हा खांब उतरवले आणि त्या गवतात बसल्या. आम्ही सगळे उन्हात गोल करून उभे होतो, पोरंसुद्धा चुळबुळ न करता. एक बाजू झाली, उलटून दुसरी. कागद एकाही जागी फाटला नाही, मधले टाकेही शाबूत राहिले. खांब पुन्हा उभे राहिले तेव्हा मधून उन्हाची एक बारीक रेघ दिसायला लागली होती.

"मागे जा," आजींनी काकांना सांगितलं.

"आई, एकदाच पळतात."

"दोन्हीकडे पळायचं म्हणते ना तू? जा मागे."

काकांनी मान खाली घातली, उलटे फिरले आणि परत गेले, पार सीमारेषेपर्यंत. काकू म्हणाल्या, "हळू, प्लीज." त्यांनी तिथूनच हात केला. यावेळी ढोल कुणी वाजवला नाही. ते पळत आले, मघापेक्षा हळू, आणि हातातला बॉल एकदा वाकून गवताला टेकवला.

च-र्र-र्र. ऐकू आला, मलासुद्धा.

निळे-पिवळे तुकडे त्यांच्या केसांवर, खांद्यांवर, मागच्या पोरांवर. सगळे ओरडत होते, मीही ओरडत होते. आणि आजी त्या गर्दीत पाठ वळवल्यासारख्या, पार्किंग लॉटमधल्या तापलेल्या गाड्यांकडे तोंड करून उभ्या.

"आजी, इकडे बघा ना," एका बाईनं त्यांचा खांदा धरून वळवायचा प्रयत्न केला. "तुमचा मुलगा आला, तिकडे काय बघताय?"

मी तिचा हात बाजूला केला. आजी बघतच होत्या.